टेंभरे बाबूंचा टेका

टेंभरे बाबूंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते स्वतःच्याच अंगणात पालथे पडले होते.

दवनीवाड्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू होऊन मला जेमतेम एक दिवस झाला होता. मी वर्ध्याची. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि त्याच्या या टोकाला नेमणूक म्हणजे माझ्या आईला काळ्या पाण्याची शिक्षाच वाटली होती. खोली मिळाली ती टेंभऱ्यांच्या अंगणात, त्यांच्या ओसरीसमोर. सकाळी घागर घेऊन विहिरीकडे निघाले, तर वाटेत हे गृहस्थ. पन्नाशीचे, धोतर, खाकी कोट, हनुवटी जमिनीला टेकलेली, हालचाल काही नाही. मला वाटलं, झटका आला. मी घागर टाकली आणि बोंब ठोकली.

"ओरडू नोका जी बाई," ओसरीतून शांत आवाज आला. त्यांच्या पत्नी सुगनाकाकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कोंबडी पळून जाईन. दोन रोजापासून तिच्याच मागं लागून राहिले हायेत."

कोंबडी पळालीच. बाबू उठले, धोतर झटकलं. त्यांच्या हातात पानाच्या डब्याएवढी एक काळी वस्तू होती आणि जमिनीवर एक मळकी कापडी पुरचुंडी पडली होती. मला नमस्कार करायला त्यांनी हात जोडले, तेव्हा ते दोन्ही हात थरथरत होते. मला वाटलं, कोंबडी घालवली म्हणून रागाने. पुढे कळलं की ते हात नेहमीच थरथरतात, आणि बाबूंना राग म्हणून येतच नाही.

बाबू होते टीकेवाले. देवीची लस टोचायला सायकलवरून गावोगाव हिंडायचं, आठव्या दिवशी परत जाऊन लस फुलली की नाही ते बघायचं आणि वहीत लिहायचं, ही त्यांची नोकरी. तरुणपणी कसल्याशा तापात हाताला कंप सुटला तो कायमचा. चहा ते बशीत ओतून घेत, बशी जमिनीवर ठेवत आणि स्वतः बशीपर्यंत वाकत. अशा हाताचा माणूस पोरांच्या दंडावर सुई चालवतो, हे मला पटेना. मी ते बोलूनही दाखवलं. माझी जीभ तेव्हापासूनच अशी आहे.

बाबू हसले. "टेकलेला हात सरकारचा, बाई. हवेतला हात माझा."

आणि त्यांनी शाळेत येऊन दाखवलंच. पोराच्या दंडावर आधी मनगट टेकवायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग सुई अशी चालायची की पोराला रडायची आठवण उशिराच व्हायची. शेवटी मीही बाही वर केली. तो वण माझ्या दंडावर अजून आहे, नाण्यासारखा गोल, एकही रेघ वेडीवाकडी नाही.

त्यांचं फोटो काढणं सगळं या टेकवण्यातूनच निघालं होतं.

त्या सकाळी त्यांच्या हातात दिसलेली काळी वस्तू म्हणजे कॅमेरा, आणि तो त्यांना बिरसीच्या विमानतळावरच्या एका गोऱ्या साहेबाने दिलेला. सत्तेचाळीस साली साहेब गाशा गुंडाळून निघाला, त्याला सामान हलकं करायचं होतं, आणि बाबूंनी त्याच्या दोन पोरांना न रडवता लस टोचली होती. मिटला की खिशात मावे. कळ दाबली की बाजाच्या पेटीसारखा एक भाता बाहेर येई आणि त्याच्या टोकाला बोराएवढं भिंग. एका रोलवर बारा फोटो. रोल नागपूरहून यायचा, धुवायला नागपूरलाच जायचा, आणि परत यायला तीन आठवडे लागायचे. ते तीन आठवडे बाबू डाकवाल्याच्या वाटेवर डोळे लावून बसत. गावात त्या कॅमेऱ्याला 'डबी' म्हणत.

"मोठा कॅमेरा पाह्यला का माणूस मरते," बाबू सांगत. "उभं राहते, पन मरते. माह्या डबीले कोनी भीतच नाई."

भीत नसत हे खरं, पण मानतही नसत. तीन पायांचं घोडं नाही, डोक्यावर काळं कापड नाही, मग हा फोटो कसला? एका गावच्या जुन्या मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, लग्न होतं. मालगुजारी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, ऐट मात्र जागच्या जागी होती. गोंदियाचा फोटोवाला ऐनवेळी आला नाही म्हणून बाबूंना बोलावणं आलं. बाबूंनी खिशातून डबी काढताच मालगुजार म्हणाले, "ये क्या है? तंबाकू खायला बोलावलं काय तुमाले?" बाबू परत फिरले. मला वाटलं, अपमान गिळून घरी आले. कसलं काय! मोजणीवाल्याकडून त्यांनी त्याची तिपाई मागून आणली, तिच्यावर चहाच्या पत्तीचं रिकामं खोकं बांधलं, वरून काकींचं काळं लुगडं घातलं, आणि ते सोंग मांडवात नेऊन उभं केलं. सगळं घराणं श्वास रोखून खोक्यासमोर उभं राहिलं. बाबूंनी लुगड्यात डोकं घातलं, पाचापर्यंत मोजलं, बाहेर आले आणि म्हणाले, "झालं जी." तशी मंडळी सैलावली, हसायला लागली, म्हातारीने नवरीच्या तोंडात लाडू कोंबला. आणि बाबूंनी सायकलच्या सीटवर पुरचुंडी ठेवून, तिच्यावर डबी टेकवून त्या वेळी खरे फोटो घेतले. मालगुजार पुढे वर्षभर त्या खोक्याची तारीफ करत होते.

ती पुरचुंडी काकींनी शिवलेली. आधी तिच्यात धान भरलं होतं, पण धान हलकं आणि उंदरांना प्रिय. मग काकींनी लाखोरीची डाळ भरली. डाळ जड, कशावरही ठेवा, नीट बसकण मारते, आणि तिच्यात डबी खोचली की हलत नाही. बाबू कुठंही गेले की आधी टेका शोधत. विहिरीचा काठ, बैलगाडीचं जू, धानाच्या बांधीचा उंच धुरा, देवळाचा कट्टा. टेका मिळाला की मग त्यासमोर काय दिसतं ते बघायचं. "आपन फोटो शोधतच नाई," ते म्हणत. "आपन टेकाले जागा शोधतो. फोटो तिथंच येऊन बसून राह्यते." जिथे काहीच नसे तिथे त्यांच्याकडे एक दोरी होती. डबीच्या बुडाला बांधायची, दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि दोरी ताणून धरायची. हात जेवढा थरथरायचा, त्यातला निम्मा कंप ती दोरी खायची.

एकदा त्यांना देवरीकडच्या जंगलात टीके द्यायला पाठवलं. नाल्याला पूर आला आणि बाबू दोन दिवस पलीकडे एका पडक्या झोपडीत अडकले. शिदोरी पहिल्याच दिवशी संपली. तिसऱ्या दिवशी सायकल ढकलत घरी आले, तेव्हा काकींनी आधी पिशवी तपासली. पुरचुंडी रिकामी, नुसतं कापड.

"टेका कुठं हाये?"

"खाल्ला," बाबू म्हणाले.

हे काकींनी त्यांना जन्मभर ऐकवलं. पाहुणा आला की चहाबरोबर हा किस्सा यायचाच. "आमचे बाबू तिपाई शिजवून खातेत जी. मीठ बी नवतं."

या घरात फोटोचे दोन कायदे होते आणि ते मोडलेले बाबूंना खपत नसत. पहिला कायदा म्हणजे फोटो काढल्यावर फिल्म पुढे फिरवून ठेवायची नाही. फोटो काढायच्या अगदी आधी फिरवायची. आपल्या दमट हवेत ताणून ठेवलेली फिल्म ढिली पडते, असं त्या साहेबाने सांगितलं होतं. डबीच्या पाठीला एक बारीक लाल खिडकी होती, चावी फिरवली की तिच्यातून आकडा सरकत यायचा. दुसरा कायदा असा, की समोरच्याने बोलायचं नाही. बोललं की हललं.

आता माणसाच्या नशिबाची गंमत बघा. ज्याला हललेला फोटो सहन होत नाही, त्यालाच देवाने हलते हात दिले. यावरून मी त्यांची थट्टाही करायची. एका दिवसानंतर मात्र बंद केली.

बिरसीहून एक बाई चालत आली होती. तिच्या चार वर्षांच्या पोराला बाबूंनी मागच्या हंगामात लस टोचली होती, आणि टोचायच्या आधी त्याचा फोटो घेतला होता. पोरं रडायच्या आधी फोटो घ्यायची त्यांची सवयच होती. ते पोर पावसाळ्यात तापाने गेलं. "तुमच्यापाशी त्याचं चित्र हाये म्हणतेत," ती म्हणाली. बाबूंनी पेटी उघडली. फोटो होता, पण त्या दिवशी टेका मिळाला नव्हता, दोरीवर काढला होता. पोराचा चेहरा पुसल्यासारखा दिसत होता. तो त्यांनी तिच्या हातात ठेवला आणि खाली मान घालून उभे राहिले.

बाईने किती तरी वेळ पाहिलं. मग हसली. "हाच हाये. एक घडी थिर बसत नवता जी. फोटोत बी बसला नाई."

ती गेल्यावर बाबू ओसरीच्या खांबाला टेकून बसले. "पोरगं थिरच होतं, बाई," ते म्हणाले. "हात माहा हलला. तिले वाटते तो हलला."  

मला वाटतं त्याच दिवसापासून काकींच्या फोटोचा विषय निघाला. हात वर्षागणिक बिघडत चालला होता हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. आधी नुसता कंप होता, आता अधूनमधून झटका बसायचा. अजून वर्ष, दोन वर्षं, मग डबी ठेवूनच द्यावी लागणार. त्याआधी सुगनाचा एक फोटो, न हललेला, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि काकी नाही म्हणत.

त्यांच्या ओसरीत तीन फोटो होते. बाबूंचे वडील, आई आणि थोरला भाऊ. तिघांचेही गोंदियाच्या फोटोवाल्याने, ते गेल्यानंतर, भिंतीला टेकवून बसवून काढलेले. तिघांचेही डोळे मिटलेले, तिघांनाही वाळका हार. त्या घरात फोटो म्हणजे हेच. गावच्या शेळ्या, कोंबड्या, लग्नं, पोरं यांचे कितीही काढा, घरच्या माणसाचा काढायचा तो गेल्यावर.

"भिंतीवर चढवाची एवढी घाई काऊन झाली?" काकी विचारत. "मी गेल्यावर काढजा ना."

"गेल्यावर डोरे मिटून राह्यतेत," बाबू म्हणत. "मले उघड्या डोऱ्यांची पाह्यजे."

"उघड्या डोऱ्यांची रोजच तं पाहून राह्यले."

 बाबू पुरचुंडी उचलून बाहेर जात.

पुढच्या वर्षी हाताने आणखी दगा दिला. पुरचुंडीवर डबी टेकवली तरी बोट कळीवर ठेवताना हात उसळी घेई आणि पुरचुंडीसकट सगळं हलवून टाकी. टीक्याचं काम खात्याच्या साहेबांनी काढून घेतलं आणि त्यांना वह्या लिहायला बसवलं, तर अक्षर असं की वह्या काकी लिहून देत. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. चावी फिरवायला बाबूंची बोटं चालेनात, तेही काम काकींकडे आलं. आणि एके दिवशी आठवडी बाजारात, कुंभाराची मांडणी बघून बाबू टेका शोधत असताना, काकी त्यांच्यापुढे जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"ठेवा," त्या म्हणाल्या आणि आपला उजवा खांदा थोपटला.

तेव्हापासून तोच टेका. काकींचा खांदा, त्यावर पुरचुंडी, त्यावर डबी, आणि डबीमागे बाबूंचा डोळा. बाबूंचे दोन्ही हात त्या खांद्यावर असे दाबून बसत की कंप काकींच्या अंगात उतरे आणि तिथेच जिरे. लाज म्हणाल तर काकींना सुरुवातीला वाटली, बाजार हसला, मग बाजाराला सवय झाली. रीत ठरून गेली. काकी चावी फिरवत, लाल खिडकीत बघत, डबी मागे देत. बाबू विचारत, "फिरवलं काय?" काकी म्हणत, "फिरवलं, जी." मग त्या श्वास रोखत. आणि कळ वाजली की "सोडा" म्हणून बाबू त्यांना श्वास सोडायला सांगत.

असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांतले फोटो मी पाहिले आहेत. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो ते. कुंभार, हाटातल्या गोंडिणी, धान झोडणारे गडी, शाळेतली माझी पोरं, आणि एकात मीही आहे, छत्री उलटी झालेली. सगळे हसताहेत. कारण भिंगाच्या शेजारी काकींचा चेहरा असायचा, श्वास रोखून गाल फुगलेला, आणि त्याला हसल्याशिवाय कुणाला राहवत नसे. त्या सगळ्या फोटोंतले सगळे डोळे काकींकडे बघताहेत. फक्त काकीच कुठे नाहीत.

"मी तिपाई हावो," त्या मला म्हणायच्या. "तिपाईचा फोटो कोनी काढते काय?"

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर काकींचं पोट दुखायला लागलं. घरचा काढा झाला, गोंदियाचा डॉक्टर झाला, मग बाबू त्यांना नागपूरला घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आले. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, फक्त काकींसाठी बाज ओसरीत उजेडाला घातली. त्यावरून मी समजले. पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

शाळेतून आले की मी त्यांच्यापाशी बसे. काकी वाळत चालल्या होत्या. एका सकाळी त्यांनीच विषय काढला.

"अवो, काढा आता माहा फोटो."

बाबू बाजेवरची चादर सारखी करत राहिले.

"काढा ना. पन माह्या खांद्याबिगर कसा काढता, ते मले पाह्यचं हाये." आणि हसल्या. हसल्यावर पोट दुखलं.

बाबूंनी नवा रोल घातला, म्हणजे काकींनी घातला. पुढचे चार दिवस त्या ओसरीत जे चाललं ते मी येता-जाता पाहत होते आणि मला काही करता येत नव्हतं. बाबू डबी काकींच्या हातात देत. काकी पडल्या पडल्या चावी फिरवत, लाल खिडकी बघत, "फिरवलं, जी" म्हणत. मग बाबू डबी घेऊन समोर जात. एकदा खिडकीच्या कठड्यावर, एकदा सायकलवर, एकदा पाटावर पाट रचून त्यावर पुरचुंडी. ओसरीत उजेड कमी, त्यामुळे कळ दाबल्यावर भिंग जरा वेळ उघडं राही आणि तेवढा वेळ हात थांबायला हवा होता. तो थांबत नसे. कळ वाजली की बाबूंना स्वतःलाच कळे. "हलला," ते म्हणत. मग डबी पुन्हा काकींकडे. एक, दोन, पाच, आठ. दोरी झाली, श्वास रोखून झाला, हात मांडीला बांधून झाला. देवापुढे नारळ ठेवून झाला.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा कळ वाजली आणि बाबू "हलला" सुद्धा म्हणाले नाहीत. डबी पुरचुंडीवर तशीच ठेवून ते खाली बसले आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. हात काखेतही थरथरत होते.

"किती झाले?" मी विचारलं.

"अकरा," काकी बाजेवरून म्हणाल्या. "एक राह्यला."

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी दाबा. तुमचा हात चांगला हाये."

इतकी वर्षं त्या अंगणात राहूनही मी त्या डबीला कधी हात लावला नव्हता. ती त्या दोघांची वस्तू होती. बाबूंनी सांगितलं तशी मी गुडघ्यावर बसले, पुरचुंडी दाबली, डोळा लावला. चौकटीत काकी दिसल्या. उशीला टेकून बसलेल्या, डोक्यावर पदर, डोळे मोठे. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी हात जरा उचलला.

"बाई..." त्या म्हणाल्या.

"बोलू नोको!" बाबू ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला तो तेवढाच. "समोरच्यानं बोलू नाई. हलते."

काकींनी तोंड मिटलं, हात खाली ठेवला. मी कळ दाबली. काही म्हणजे काही हललं नाही. माझा श्वाससुद्धा नाही.

"हलला?"

"नाही, बाबू," मी म्हटलं. "अजिबात नाही."

मग त्या माणसाला काय झालं ते मला सांगता येत नाही. ते उठले, बाजेपाशी गेले, काकींचे पाय धरून म्हणाले, "झाला, सुगना. झाला ना. उघड्या डोऱ्यांचा झाला." रडत होते आणि हसतही होते. मला म्हणाले, "पूरा फिरवून टाका बाई, काढून घ्या रोल." मी चावी फिरवत गेले. लाल खिडकीतून बाराचा आकडा सरकत आला आणि सरकत गेला. मी तो पाहिला. गणित शिकवणारी बाई मी, पण मला वाटलं, असाच जात असेल.

काकी बघत होत्या. आधी माझ्या हातातल्या चावीकडे, मग बाबूंकडे, बराच वेळ. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता चहा प्या."

रोल सोमवारच्या डाकेने नागपूरला गेला. काकी त्यानंतर नवव्या दिवशी गेल्या.

बाबूंच्या चुलत भावाने रीतीप्रमाणे गोंदियाला माणूस धाडला आणि फोटोवाला आपलं घोडं, काळं कापड घेऊन दुपारपर्यंत आलाही. बाबू दारात आडवे उभे राहिले. "नोको," ते म्हणाले. "आमच्यापाशी हाये. नागपूरले हाये. उघड्या डोऱ्यांचा." भावाने समजावलं, मीही एकदा म्हटलं की असू द्या, एक जास्तीचा. त्यांनी ऐकलं नाही. फोटोवाला परत गेला.

तेरवी झाल्यावर पाकीट आलं. बाबूंना ते फोडता येईना, मी फोडलं. दहा फोटो हललेले, त्यात काकी होत्या एवढंच समजत होतं. अकराव्यात दोन काकी होत्या. एक बाबूंनी काढलेली, हललेली, आणि तिच्यावरच मी काढलेली, थिर. दोन्हींनी एकमेकींचा चेहरा खाऊन टाकला होता. डोळे चार होते आणि एकही धड नव्हता. बाबू म्हणाले, "पुढचा पाहा ना, बारावा." पुढचा नव्हताच. फिल्मची पट्टी होती, तिच्या टोकाला बारावी चौकट होती, काचेसारखी कोरी.

पट्टी बाबूंनी उजेडाकडे धरली. ती त्यांच्या हातात फडफडायला लागली म्हणून दुसरं टोक मी धरलं. 

"फिरवलं नवतं," बाबू म्हणाले.

"माझं चुकलं, बाबू. मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं..."

"तुमाले कसं ठाऊक राहीन? ते तिचं काम होतं." मग त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "ती सांगून राह्यली होती, बाई. 'बाई' म्हणली ना ती. मीच बोलू देलं नाई."

"पण नंतर तरी त्यांनी सांगायचं ना! एक फोटो शिल्लक होता, मी रोल काढलाही नव्हता."

बाबूंनी पट्टीचं टोक माझ्या हातातून सोडवून घेतलं. मला उत्तर बोलता बोलताच कळलं होतं. नंतर काकींनी बाबूंना पाहिलं होतं, पाय धरून रडताना आणि हसताना. तो आनंद मोडून आपला फोटो काढून घ्यावा, एवढी त्या फोटोची त्यांना कधी हौसच नव्हती.

बाराचा आकडा माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता, हे मी बाबूंना कधीच सांगितलं नाही. भिंतीवर चौथा फोटो लागला नाही. तिथे एक खिळा मारला होता, तो तसाच राहिला.

साठ साली माझी बदली झाली. निघायच्या दिवशी बाबू मला पोचवायला मोटारीपर्यंत आले. सायकल आता चालवत नसत, नुसती धरून चालत, तिचाही टेकाच. मोटार उभी होती, ट्रंक टपावर चढली, मी खिडकीशी बसले. बघते तर बाबूंनी खिशातून डबी काढलेली. काकी गेल्यावर ती मी पहिल्यांदाच बाहेर आलेली पाहिली. त्यांनी सायकलच्या सीटवर पुरचुंडी ठेवली, तिच्यावर डबी दाबली, दोन्ही हातांनी. सीट थडथडायला लागली.

"चलो, चलो, टाइम हो गया," कंडक्टरने घंटी मारली.

बाबूंनी डबीला डोळा लावला आणि मान डावीकडे, काकींचा कान असायचा तिकडे जरा कलती करून विचारलं, "फिरवलं काय?"

 मोटार घरघरायला लागली. ते तसेच थांबले, कळीवर बोट ठेवून, उत्तराची वाट बघत.

समोरच्याने बोलायचं नसतं हे मला चांगलं ठाऊक होतं. डबीची लाल खिडकी त्यांच्या बाजूला होती, मला तिच्यातलं काही दिसत नव्हतं. तरी मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले, "फिरवलं, जी!"

बाबूंनी कळ दाबली.